उजेड कोण खातं?

बाळकुमच्या लक्ष्मीबाई भोईर शाळेत चौथीपर्यंतच गेल्या. पुढे तीसेक वर्षं त्यांनी खाडीलगतच्या मळ्यात वांगी पिकवली आणि पाटी डोक्यावर घेऊन ठाण्याच्या बाजारात विकली. मळ्याच्या जागी टॉवर झाला, त्यातच दुसऱ्या मजल्यावर घर मिळालं. मग समोर दुसरा टॉवर उठायला लागला आणि गॅलरीतलं ऊन गेलं. वांग्याची रोपं लुकडी व्हायला लागली, तेव्हा निशानं, म्हणजे त्यांच्या सुनेनं, झाडांसाठी मिळतो तसला दिवा आणून गॅलरीत टांगला.

लक्ष्मीबाईंचा हात पाणी शिंपडायला सोकावलेला. आठव्याच दिवशी शिंतोडे दिव्यावर उडाले, चट्‌ आवाज झाला आणि दिवा गेला. निशा वागळे इस्टेटमध्ये दुकानांच्या पाट्या बनवायच्या कारखान्यात कामाला. तिनं नवा दिवा आणला आणि कारखान्यातून उरलेला पारदर्शक प्लास्टिकचा जाड पत्राही. चार उंच डब्यांवर तो आडवा ठेवला; वर दिवा, खाली रोपं.

"आता खुशाल शिंपडा, आई."

"पन यानं उजेड खाल्ला तर गो?"

"कसा खाईल? आरपार दिसतंय की."

"आपल्याला दिसतंय. रोपाला पुरतंय का, ते कुनी बगितलं?"

निशा हसून कामाला गेली. लक्ष्मीबाईंना मात्र चैन पडेना. त्यांनी पत्रा सरकवून अर्ध्याच रोपांवर आणला. बारा रोपं पत्र्याखाली, बारा उघडी. शिंपडणं बंद, सगळ्यांना बुडाशी चमच्यानं सारखंच पाणी. पहिला आठवडा काहीच फरक नाही. दुसऱ्या आठवड्यात पत्र्याखालची रोपं उंच, बारीक झाली आणि उघड्या बाजूला झुकली.

"बग, खातंय!" त्या निशाला म्हणाल्या.

"पण आमचे साहेब सांगतात, नवा पत्रा जवळपास सगळा उजेड सोडतो."

"मंग उजेड कुटं जातो?"

त्यांनी एक पांढरा कागद आधी उघड्या रोपांजवळ धरला, मग पत्र्याखाली. खाली तो मळकट दिसला. पत्र्यावर बोट फिरवलं, तर बोटाला समोरच्या बांधकामाची बारीक धूळ. त्या चक्रावल्या. रोज सकाळी टेरिकॉटच्या कोरड्या फडक्यानं त्या पत्रा घासूनपुसून ठेवत होत्या! त्यांनी पुन्हा पुसला आणि या वेळी तिथेच वाकून बसल्या. जानेवारीची कोरडी हवा. पत्र्याजवळ हात नेला तर हातावरची लव उभी राहिली. कागदाचे कपटे धरले, ते टुणकन पत्र्याला जाऊन चिकटले.

"निशा, धाव! यो धूळ वडतो गो! मी जितका घासते, तितकी वडतो!"

निशानं कपटे पाहिले आणि तीही तिथेच फतकल मारून बसली. दोघींनी पुढचा अर्धा तास कपटे उडवण्यात घालवला.

ओल्या सुती कपड्यानं पुसल्यावर मात्र एकही कपटा चिकटेना, म्हणून त्या दिवसापासून पत्रा तसाच पुसायचं ठरलं. लक्ष्मीबाईंनी नव्यानं बी पेरलं, पुन्हा बारा-बारा. तीन आठवड्यांनी निशानं पट्टी लावून मोजलं. दोन्हीकडची रोपं सारखीच, ठेंगणी आणि दणकट. मग पत्रा सगळ्यांवर आला आणि शिंपडणं सुरू झालं.

मार्चमध्ये शेजारच्या आवडाबाई मिरचीचं बी घेऊन आल्या. "माझीपन रोपं करून दे ना."

"देते," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "पन दोन डब्यांत लावीन. एक डबा तुला, आनी एकावर लाल जिलेटीनचा कागद लावून, तो किती उजेड खातो ते बगायचंय मला."