गाडीला अर्थ नाही

वर्षभर आमच्या घरात एकच विषय चालला होता: माझे डोळे. जेवताना, चहाला, पाहुणे आले तर पाहुण्यांसमोर. मी जनावरांची डॉक्टर. सरकारी नोकरी संपली तरी चोपड्याहून सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर माझी जुनी जीप घेऊन जात होते, कारण तिथे दुसरं कोणी जात नाही. जनावर काही घड्याळ बघून अडत नाही, त्यामुळे अंधारातलं जाणं आलंच. आणि अंधारात माझ्या जीपचे दिवे म्हणजे दोन पिकलेली लिंबं. खड्डा आहे हे चाक आत गेल्यावर कळायचं.

दिवे मंद झालेत, असं मी एकदा घरी म्हणाले. घरच्यांनी ऐकलं ते असं, की हिला दिसत नाही.

घरचे म्हणजे माझा नवरा, आणि फोनवरून त्याला दुजोरा देणारे धुळ्याचे थोरले दीर. नवरा बँकेतून निवृत्त. कागदावर मी त्याला 'तो' म्हणून घेते. तोंडावर अजून 'अहो'च. तेवढा सूड मला पुरतो. त्याने स्वतः गाडी चालवणं केव्हाच सोडलं होतं, हल्ली रहदारीला शिस्त राहिली नाही म्हणे. पण माझ्या शेजारी बसून यायला लागला. सोबत म्हणून, असं सगळ्यांना सांगायचा. मी त्याला पहारा म्हणते. सूर्य बुडाला की त्याची टकळी सुरू व्हायची, हळू घे, समोर काहीच दिसत नाहीये, तुला दिसत नाहीये. त्याच्या बोलण्यात ही दोन वाक्यं नेहमी जोडीनेच यायची.

मी जळगावला जाऊन डोळे तपासून घेतले. डॉक्टरांनी चष्म्याचा नंबरसुद्धा बदलला नाही. नवऱ्याचं मत, हल्लीचे डॉक्टर नीट बघत नाहीत. त्याच फेरीत त्याने स्वतःच्या हुशारीने एका दुकानातून सगळ्यांत जास्त वॅटचे बल्ब आणून बसवले. वायर तीच, वीस-बावीस वर्षांची, सुतळीएवढी. मी म्हणाले, बल्ब मोठा केला तर वायरलाही तेवढं झेपलं पाहिजे. तो आणि दुकानदार एकमेकांकडे बघून हसले. आठवडाभर उजेड पडला खरा. मग एका संध्याकाळी उतारावर प्लास्टिक जळल्याचा वास आला, बल्बचे होल्डर वितळले आणि दोन्ही दिवे गेले. हातातल्या बॅटरीच्या उजेडात गाडी घरी आणली ती मी. आणि घरी आल्यावर निकाल लागला तोही माझ्याच विरुद्ध: यापुढे संध्याकाळी गाडी बाहेर निघणार नाही. नव्या होल्डरांत जुने बल्ब परत बसले आणि किल्ली त्याच्या कपाटात गेली. साठी ओलांडलेल्या बाईची किल्ली, शाळेतल्या पोरीची जप्त करावी तशी. मी किती भांडले ते आमच्या गल्लीला विचारा.

मग पाड्यावरून फोन आला. गाय अडली होती, वासराचा पाय आडवा आला होता. दिवस नुकताच मावळला होता. मी किल्ली मागितली. तो म्हणाला, उजाडलं की पहिल्यांदा तिथेच जाऊ. मी शेजारी गाडी मागितली, रिक्षावाल्याला विचारलं, त्या रस्त्याला कोणी यायला तयार होईना. उजाडल्यावर गेले तेव्हा गाय गेली होती, पोटातल्या वासरासकट. मालक मला एक शब्द बोलला नाही. उलट पाणी दिलं प्यायला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून मला जो राग आहे तो मी मुरांब्यासारखा मुरवून ठेवला आहे.

वर दिरांनी जीपला गिऱ्हाईक काढलं. धुळ्याच्याच देवपुरातला एक तरुण, त्याला पांझरेच्या पात्रात जीप उडवायची होती आणि त्याचे व्हिडिओ काढायचे होते. नवऱ्याने परस्पर शब्द दिला. गाडी दाखवायला न्यायची, आणि न्यायची कोणी, तर मी, कारण दिवसा मला दिसतं. अमळनेरवरून धुळ्यापर्यंत मी निमूट गाडी चालवली. देवपुरात शिरल्यावर मात्र दिरांच्या गल्लीकडे वळायच्या ऐवजी एका वायरिंगवाल्याच्या दुकानापुढे गाडी उभी केली.

त्याने आधी मला टपावर लावायची दिव्यांची लांबलचक पट्टी दाखवली. ती लावली की समोरून येणारा आंधळा झालाच म्हणून समजा. मी म्हणाले, पट्टी ठेवा बाजूला, मीटर घ्या. दिवे चालू करून बॅटरीवर मोजा, मग बल्बपाशी मोजा. त्याने कुरकुरत मोजलं. बॅटरीवर बारा व्होल्टच्या वर, आणि बल्बपाशी दहासुद्धा नाहीत. त्याने बंपरखाली हात घालून अर्थची, म्हणजे करंट सांगाड्यात परत नेणारी वायर ओढली, ती गंजलेल्या बोल्टसकट हातात आली. मग माझ्याकडे न बघता तो नवऱ्याला अहिराणीत म्हणाला,

"साहेब, गाडीले अर्थच नही शे. बठ्ठा करंट वायरमाच जिरी जास."

"मी वर्षभर तेच सांगतोय," नवरा म्हणाला. दोघं खो खो हसले.

मी हसले नाही. वायरिंगवाल्याला म्हटलं, गाडी माझी आहे, बोलायचं ते माझ्याशी बोला. तो वरमला आणि नंतर काम मात्र चोख केलं. बॅटरीपासून जाड वायर काढून तिच्यात फ्यूज टाकला. दोन रिले बसवले, एक अप्परला, एक डिपरला. आता दिव्यांचा करंट डॅशबोर्डच्या जुन्या बटणातून फिरत बसणार नव्हता. बटणाने फक्त रिलेला इशारा द्यायचा, दिव्याला बॅटरीतून सरळ मिळणार. सांगाड्याचा रंग खरवडून चकचकीत लोखंडावर नवी अर्थ घट्ट आवळली. बल्ब तेच ठेवले. दिवे लावले तर समोरच्या भिंतीवरच्या पत्रकाची बारीक अक्षरंसुद्धा वाचता आली. इतकी साधी गोष्ट, आणि तिच्यापायी एक गाय.

दिरांकडे गेलो. त्यांनी दिवे लावून बघितले, समाधानाने मान हलवली आणि म्हणाले, छान झालं, आता चार पैसे जास्त येतील. मला वाटलं, इथेच या दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत. मी चहाचा कप खाली ठेवला. सांगितलं, भाऊ, गाडी माझ्या नावावर आहे आणि सही मी करणार नाही. दीर नवऱ्याकडे बघत राहिले. मी बाहेर जाऊन इंजिन चालू केलं. यायचं तर या, नाहीतर राहा. नवरा आला.

अमळनेर सोडलं आणि अंधार पडला. मी मुद्दामच उशीर केला होता. रस्ता दोन्ही कडांपर्यंत स्वच्छ दिसत होता, कडेचं गवतसुद्धा. समोरून गाडी आली की मी डिपर देत होते. आता तरी हा माणूस गप्प बसेल, एवढीच माझी इच्छा होती.

"बघ, काही फरक नाही," तो म्हणाला. "पैसे पाण्यात. समोर काही म्हणता काही दिसत नाही."

पुढे म्हशींचा कळप रस्ता ओलांडत होता. मी वेग कमी करत गाडी थांबवली.

"का थांबलीस?"

"म्हशी जाऊ दे."

"कुठे म्हशी?"

पाच-सहा म्हशी, भर उजेडात, आमच्यापासून इतक्या जवळ की शिंगं मोजावीत. मी त्याच्याकडे बघितलं. तो काच पुसत होता, आतून, हातरुमालाने. एकदा पुसली, परत पुसली. मग त्याचा हात थांबला. माझ्याही तेव्हाच ध्यानात आलं. मोतीबिंदू मी आयुष्यभर बैलांच्या डोळ्यांत बघितलाय, आणि घरातला मला दिसला नाही.

म्हशी गेल्या तरी मी गाडी हलवली नाही. रुमाल हातातच धरून तो म्हणाला,

"मला वाटायचं, अंधार पडला की सगळ्यांनाच एवढंच दिसतं."

इथे माझा राग विरघळायला हवा होता. नाही विरघळला. वर्षभर हा स्वतःच्या डोळ्यांनी माझा रस्ता बघत होता आणि मला शहाणपण शिकवत होता. मी म्हणाले, "ती गाय तुमच्या डोळ्यांनी मेली." त्याने रुमाल घडी करून खिशात ठेवला. मी गाडी पुढे काढली.

चोपड्यात घराकडे वळायच्या जागी मी वळले नाही, सरळ पाड्याचा रस्ता धरला. गायीच्या मालकाच्या अंगणात जीप उभी केली तेव्हा मालक दचकून बाहेर आला. मी सांगितलं की आता फोन केव्हाही करा, मी येईन. तो म्हणाला, बरं झालं आलात, शेळी कालपासून खात नाही, उद्या उजाडल्यावर आणणार होतो, ताई रात्रीच्या येत नाहीत म्हणून.

"येत होती," नवरा म्हणाला. तो चाचपडत गाडीतून उतरत होता. "मी येऊ देत नव्हतो."

मालक त्याच्याकडे बघत राहिला. मग आत जाऊन शेळी घेऊन आला. मी दिवे चालूच ठेवले आणि उजेडात तिच्यापाशी बसले. शेळी उड्या मारत होती. कोणीतरी डोकं धरायला हवं होतं, आणि त्या कामाला डोळे लागत नाहीत.

"तिथे काय उभे राहिलात," मी नवऱ्यावर खेकसले. "इकडे या आणि हिचं डोकं धरा. घट्ट."