भीती कवा नव्हती, ते सांग

विशाखाताईंच्या खोलीत गेलं की त्या ‘बसा’ म्हणत नसत. भिंतीला टेकवलेली खुर्ची दाखवत आणि विचारत, “कुठी ठेवतं? तुले जिथं बरं वाटन तिथं ठेव.” पहिल्यांदा गेले तेव्हा मी ती खुर्ची उचलून थेट दारात ठेवली. बाहेर बाकावर माझा नवरा आमच्या तीन वर्षांच्या आरूला मांडीवर घेऊन बसला होता. तिच्या हातात कुणी बिस्किट तर देत नाही ना, हे मला दिसत राहायला हवं होतं. ताईंनी आपलीही खुर्ची उचलली आणि माझ्याजवळ दारातच आणून मांडली. “हं, आता दोघीईलेही दिसते,” म्हणाल्या.

त्या जळगाव जामोदच्या दवाखान्यात समुपदेशक होत्या. पन्नाशीच्या, काळ्यासावळ्या, कडक इस्त्रीची सुती साडी. गाव संग्रामपूरकडचं. आईवडिलांनी दुसऱ्यांच्या शेतात राबून त्यांना शिकवलं होतं, दोन पदव्या होत्या. पण बोलणं वऱ्हाडीच राहिलं. एकदा मी त्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, “पुन्याचं बोललं का समोरचं मानूस पोटातलं सांगत नाही, पाठ केलेलं सांगते.”

माझं तर सगळं पाठच होतं. त्या उन्हाळ्यात आरूच्या घशात फुटाणा अडकला होता. ती रडली नाही, कारण आवाजच निघत नव्हता. तोंड उघडं, ओठ जांभळे पडत चाललेले आणि डोळे माझ्यावर. सासूबाई धावत आल्या, तिला उलटं धरून पाठीत दणके दिले, तेव्हा तो फुटाणा फरशीवर पडला आणि पोरीनं हंबरडा फोडला. घरच्यांसाठी गोष्ट तिथे संपली. माझ्यासाठी तिथून सुरू झाली. त्या दिवसापासून मी आरूला दूध आणि वरणाचं पाणी याशिवाय काही देईना. भाकरी वाटून, गाळून द्यायची, तीही चमच्याच्या टोकानं. ती गिळेपर्यंत माझाच श्वास अडकलेला असायचा. पोरगी वाळत चालली. हातपाय काड्यांसारखे दिसू लागले. ते मला दिसत होतं, आणि तरीही घास द्यायला हात उठत नव्हता.

त्यात मी सोनाळ्याला अंगणवाडी सेविका. रोज वीस-पंचवीस पोरं माझ्यासमोर उसळ खायला बसायची. प्रत्येकाच्या गळ्याकडे बघता बघता मला घाम फुटायचा. शेवटी मी मदतनीस बाईंकडून उसळ ठेचून घेऊ लागले. पोरांच्या आया विचारू लागल्या, “बाई, हे काय जनावराईचं अंबोन हाय का?”

हे सगळं सांगायचं ठरवूनच मी ताईंसमोर बसले होते. फुटाण्याचा ‘फु’ उच्चारला तोच त्यांनी हात वर केला. “ते तू सोताले रोज सांगतच अशीन. सांगाचं असन तर मी आयकतो. पन मले आधी दुसरंच पाह्यजे. ही भीती कवा नव्हती, ते सांग.”

मला रागच आला. म्हटलं, “ताई, ती चोवीस तास असते.”

“बरं. मंग असं समज. शून्य म्हंजे पोरीले पानी पाजाचीही हिंमत नाही. दहा म्हंजे ती जेवते अन् तू आपलं काम करतं. आज किती?”

“दोन.”

“दोन!” त्यांनी भुवया अशा उंचावल्या, जणू मी काही पराक्रमच केला होता. “शून्य काऊन नाही वं?”

या प्रश्नानं मी गडबडले. आजवर सगळ्यांनी विचारलं होतं, की तू एवढी का घाबरतेस. एवढीच का घाबरतेस, असं कुणी विचारलं नव्हतं. मी चाचरत म्हटलं, की दूध देते, वरणाचं पाणी देते. “कसं देतं? हात कापत असन ना? मंग कसं जमवतं?” त्या विचारत गेल्या. मी सांगत गेले, की तिला मांडीवर घेते, मनात नामस्मरण करते, एक घोट झाला की थांबते. सांगताना लक्षात आलं, की मी रोज काहीतरी करत होते.

मग त्यांनी तो दुसरा प्रश्न विचारला. आवाज खाली आणून, अगदी सावकाश. “समज, आज तू झोपली अन् झोपीतच ही भीती निंघून गेली. कोनी तुले सांगलं नाही. सकाळी आरू उठली. तिले कायनं समजन, का आपली माय बदलली?”

मी दारातून बाहेर पाहिलं. बाहेर आरू बापाच्या शर्टाची बटणं ओढत होती. मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, “मी तिच्या गळ्याकडे पाह्यनार नाही. तोंडाकडे पाह्यीन.” आणि मला रडू कोसळलं. कित्येक दिवसांत मी माझ्या लेकीचा चेहराच पाहिला नव्हता.

ताईंनी समजूत घातली नाही. रडू दिलं. निघताना एवढंच म्हणाल्या, “आता घरी जाऊन काही करू नको. नुसतं ध्यान ठेव, कवा भीती जराशी कमी असते.”

आणि ती एके दिवशी खरंच कमी झाली. अंगणवाडीत मदतनीस बाई उसळ ठेचायला घेणार, तेवढ्यात शेजारची गाय दारातून आत शिरली. पोरं किंचाळत, हसत बाकावर चढली. मी झाडू घेऊन गाईमागे धावले, इकडे बाईंनी उसळ तशीच वाढून टाकली. गाय हाकलून परत आले तर ताटल्या रिकाम्या. त्या दिवशी उसळ ठेचायची राहून गेली होती. मी एकेकाचं तोंड उघडून पाहिलं. पण पोरं ठणठणीत होती.

ताईंना सांगितलं तर पोट धरून हसल्या. मग गंभीर झाल्या. “तुही भीती सारी खोटी नाही, मीना. लहान लेकराले फुटाने, शेंगदाने द्याचेच नाही. भीतीले थोडं काम दे. रिकामी बसली का घर खाते.” आणि मला हाताला धरून दवाखान्यातल्या सिस्टरकडे घेऊन गेल्या. लेकराच्या घशात काही अडकलं तर त्याला पुढे वाकवून पाठीत थाप कशी द्यायची, आणि ते खोकत असेल तर का खोकू द्यायचं, हे सिस्टरनं एका उशीवर दाखवलं.

आरू मऊ भाकरी खाऊ लागली. मी चारपर्यंत पोचले, पाचपर्यंत पोचले. आणि एका दुपारी तिला ठसका लागला. ती खोकत होती, आवाज येत होता, पण मला काही ऐकूच आलं नाही. मी तिच्या पाठीत मारत सुटले. पोरगी भेदरून सासूबाईंच्या पदरात शिरली. माझ्याकडे येईना.

दुसऱ्या दिवशी ताईंसमोर बसून म्हटलं, “शून्य.”

“मंग? त्याच्यानंतर काय केलं?”

“काय करनार? रडली.”

“अन् मंग?”

“सांजच्याले दुधात भाकर कुस्करून दिली.”

“कोनं?”

“मीच.”

त्या माझ्याकडे नुसतं बघत राहिल्या, मी काय बोलले ते माझं मलाच ऐकू येईपर्यंत.

त्यानंतर एकदाच गेले. पुढची तारीख विचारली तर म्हणाल्या, “तुले पाह्यजे का?” मी म्हटलं, “तुमी नसल्या तर मी पडीन, ताई.” त्या म्हणाल्या, “मी कंत्राटी बाई. उद्या अथी असन, नसन. माह्यावर टेकू नको. लागलंच तर ये, पन लागलं तरच.” मला त्या निष्ठुर वाटल्या.

पुढे थंडीत बाजाराला जळगाव जामोदला गेले, तर त्या स्टँडवर बॅगा घेऊन उभ्या. करार संपला होता, लेकीकडे अकोल्याला निघाल्या होत्या. मी आरूला कडेवर घेऊन धावले. ताईंनी तिचा गाल कुरवाळला, पिशवीतलं संत्रं सोललं आणि एक फोड तिच्यापुढे धरली. बियांसकट. मी तोंड उघडायच्या आत आरूनं ती गालात कोंबली.

आजूबाजूचा आवाज बंद झाला. तिचा गाल फुगलेला. ती चावते आहे, थांबते आहे. हनुवटीवरून रस ओघळतो आहे. माझी बोटं तळहातात रुतली. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि काहीच केलं नाही. मग आरूनं वाकून बी जमिनीवर थुंकली आणि दुसरी फोड मागितली.

अकोल्याची गाडी लागली. बॅगा वर चढवून ताई खिडकीशी बसल्या आणि जाळीशी खाली वाकल्या.

“घाबरली होती?”

“हाव. लय.”

“मंग काय केलं?”

“काही नाही. उभी राह्यली.”

“झालं मंग,” म्हणाल्या. कंडक्टरनं घंटी मारली. आरू चिकट हातानं टाटा करत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत तिच्या हनुवटीवरचा रस पुसला.