हलक्या प्रतीचं

"हलक्या प्रतीचं काही मी आजवर कापडगिरणीबाहेर जाऊ दिलेलं नाही, आणि तुम्ही म्हणता माझ्या पोटात वाढतंय ते हलक्या प्रतीचं?"

नेटा रिडल हे बोलली तेव्हा तिनं अंगातला कोटही काढला नव्हता. समोर बसलेल्या डॉ. लमाँटबाईंनी हातातला अहवाल बाजूला ठेवला. अंडाशयाचा कॅन्सर, त्यातला दुर्मीळ प्रकार, आणि त्याच्या नावातच ते शब्द होते. पेशी सावकाश वाढतात म्हणून हलकी प्रत, असं त्यांनी समजावून सांगितलं.

"सावकाश कुठवर?" नेटानं विचारलं.

"थांबवलं नाही तर शेवटपर्यंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

स्कॉटलंडमधल्या सेल्कर्क गावात मात्र त्या दोन शब्दांनी घोटाळा केला. बातमी टेकडीच्या पायथ्यापासून बाजारचौकापर्यंत चढेस्तोवर कॅन्सर खाली गळून गेला आणि 'हलका' एवढंच वर पोचलं. बेकरीवालीनं मनुका घातलेला गोड पाव, बॅनक, कागदात गुंडाळून पुढे केला आणि पैसे घेईना. "हलक्यावर निभावलं म्हणे तुझं."

"पैसे घे," नेटा म्हणाली. "हलक्या माणसांकडून फुकट खायची वेळ अजून आलेली नाही."

किमो झाली. आजार तिला बधला नाही. झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींना मारायचं ते औषध. या पेशी भिंतीला पाठ लावून, घाई न करता वाढत राहिल्या. ऑपरेशन झालं, दोन वर्षं बरी गेली, मग पोटात पाणी धरू लागलं. दर तीन आठवड्यांनी एडिंबरोची बस, नळी, पाच-सहा लिटर पाणी, परतीची बस. पोट उतरलं की स्कर्ट कमरेवरून सुटायचा, तीन आठवडे भरत आले की त्याचा पट्टा लागायचा नाही. तरी ती कामावर जात होती.

काम रफूचं. मागावरून उतरलेला ट्वीडचा, जाड लोकरी कापडाचा तागा पहिल्यांदा नेटाच्या टेबलावर यायचा. उत्तरेच्या उंच खिडकीखाली उतरतं टेबल, त्यावरून कापड हात-हात खाली ओढायचं आणि बोटांनी वाचायचं. कुठे उभा धागा तुटलेला, कुठे आडवा चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेला, कुठे गाठ. दोष दिसला की खडूची फुली. मग सुई घेऊन तो एकच धागा काढायचा आणि त्याच्या वाटेनं नवा घालायचा, दोनवर एकखाली, असा की विणणाऱ्यालाही पत्ता लागू नये. एकतीस वर्षं तिनं हे केलं होतं. एकतीस वर्षांत तिच्या टेबलावरून गेलेला एकही तागा परत आला नव्हता. ही गोष्ट ती कुणाला सांगत नसे, पण गावात सगळ्यांना ती ठाऊक असावी अशी तिची अपेक्षा असे.

म्हणून नव्या गोळीची गोष्ट तिला पहिल्या फटक्यात कळली. कर्स्टी नावाची तरुण नर्स नव्या औषधाच्या चाचणीचे कागद घेऊन आली होती. "नेटा, पेशीत एक निरोप्या असतो असं समजा. तुमच्या आजारात तो बिघडलाय. 'वाढ, वाढ' एवढंच सांगत सुटलाय. किमो सगळ्या घरावर हातोडा घालते. ही गोळी फक्त त्याचं तोंड धरते."

"म्हणजे अख्खा तागा न फाडता एक धागा."

"अगदी."

"मग इतकी वर्षं काय झोपला होतात?"

"तुम्ही फार थोड्या आहात हो," कर्स्टी म्हणाली. "सगळ्या देशातल्या मोजल्या तरी चारदोन बस भरतील. थोड्यांसाठी औषध शोधायला कुणी उठत नाही लवकर."

रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. दोन महिन्यांत पाणी धरायचं थांबलं. चौथ्या महिन्यात स्कॅनमधल्या गाठी आक्रसलेल्या दिसल्या. स्कर्टचा पट्टा वर्षभर एकाच भोकात राहिला. बाकी फुकट काही मिळत नाही: बावन्नाव्या वर्षी गालांवर सोळाव्या वर्षीचे फोड आले, बोटांची टोकं भेगाळली. शेजारच्या टेबलावरची शोना म्हणाली, "नेटा, आता एखादा पोरगा बघ, तोंड तर वयात आलंय." नेटानं बोटांना चिकटपट्ट्या लावल्या आणि पट्टीतून कापड वाचता येत नाही म्हणून तासाभरात उपटून टाकल्या.

दर सोमवारी कर्स्टीचा फोन यायचा. "कशा आहात?"

"वाईट नाही."

इथे या प्रश्नाला एवढं एकच उत्तर आहे. लॉटरी लागली तरी वाईट नाही, पाय मोडला तरी वाईट नाही. त्याहून अधिक बोलणारा माणूस दक्षिणेकडून, इंग्लंडातून आलेला किंवा प्यायलेला समजतात. कर्स्टीही इथलीच. ती 'वाईट नाही' ऐकायची आणि कागदावर 'त्रास नाही' असं लिहायची.

पण नेटाच्या उत्तराला सवयीखेरीज आणखी एक कारण होतं. रोझ. जवळच्या पीबल्स गावची, हसरी, शाळेत स्वयंपाक करणारी. दोघींनी गोळी एकाच आठवड्यात सुरू केली होती, हॉस्पिटलच्या बाकावर एकाच डब्यातले सँडविच खाल्ले होते. एका सोमवारी रोझनं खरं सांगितलं: जिना चढताना दम लागतो. हृदय तपासलं, ते कमजोर पडलं होतं. गोळी बंद केली ती बंदच राहिली. ऑक्टोबर होता तो. फेब्रुवारीत रोझला निरोप द्यायला नेटा पीबल्सच्या चर्चमध्ये शेवटच्या रांगेत उभी होती. तिथून परतताना तिनं कानाला खडा लावला. पोटातलं ओठावर येऊ द्यायचं नाही.

म्हणून डोळ्यांचं तिनं कुणालाच सांगितलं नाही.

आधी खिडकीच्या काचेवर पावसाचं पाणी ओघळावं तसं दिसायचं, क्षणभर. मग सकाळचा तासभर. कापडावरच्या रेघा मध्येच वाकायच्या, जणू कुणी खालून श्वास घेतोय. नेटा विचारात पडल्याचं सोंग करायची, डोळे मिटून बोटांनी वाचायची. पण बोटांना भेगा होत्या. भेगाळलेल्या बोटाला सगळंच कापड खडबडीत. डोळ्यांत तेल घालून एकतीस वर्षं बसलेली बाई आता अंदाजानं फुल्या मारत होती. त्या कुणी तपासत नव्हतं, कारण नेटाचं काम कुणी तपासतच नसे.

जूनमधला, गावाची शीव घोड्यांवरून फिरून यायचा सण आटोपून गिरणी पुन्हा सुरू झाली त्या आठवड्यात मुकादम वॉटी ऑलिव्हर तिच्या टेबलाशी आला. काखेत तागा होता. त्यानं तो खाली ठेवला नाही.

"चहा झाला का?"

"कुणाचा आहे तो?"

"असू दे गं. नंतर बघू."

"वॉटी, तुला खोटं बोलता येत नाही. तुझी बायको म्हणूनच टिकली."

त्यानं तागा उलगडला. राखाडी, आत निळी बारीक रेघ, तिनंच एप्रिलमध्ये पुढे पाठवलेला. गिऱ्हाइकानं दोष दाखवायला लाल दोरा बांधून परत धाडला होता. नेटानं दोऱ्यापाशी डोळे नेले. तिला काही दिसलं नाही. मग तिनं बोट फिरवलं, मग दुसऱ्या हाताचं, आणि अंगठ्याच्या शाबूत राहिलेल्या कडेला ती जागा लागली. वीतभर उभा धागा गायब. शिकाऊ पोरीनंही तोंडात टॉफी ठेवून पकडला असता असा.

"एखादा जातो," वॉटी म्हणाला. "मी कुणाला बोललो नाही. मी शोनाला सांगतो तुझे तागे एकदा नजरेखालून घालायला, तुला कळायचंही नाही."

"आत्ताच कळलं की."

"म्हणजे तुला वाईट वाटायला नको म्हणून..."

"माझ्या चुकांवर डोळेझाक करायला मी मेले नाही अजून." तिनं तागा ओढून आपल्या टेबलावर घेतला. "जा, चहा घे जा."

तो धागा तिनं दुपारभर बसून घातला. एरवी पाच मिनिटांचं काम. घालताना तिला रोझ दिसत होती, आणि रोझच्या जागी स्वतः. खरं बोललं तर गोळी जाते, गोळी गेली तर पाणी येतं, पाण्यामागून फेब्रुवारी येतो. ही साखळी तिनं बोटांवर कितीदा मोजली होती. त्यात चूक सापडत नव्हती. चूक फक्त समोर पडलेल्या राखाडी कापडात होती, आणि त्यावर तिच्या हातचा छाप होता.

गुरुवारी तिनं स्वतः फोन केला. "कर्स्टी, मला कमी दिसतंय."

"कधीपासून?"

"मार्चपासून."

"पण दर सोमवारी तुम्ही..."

"म्हणाले वाईट नाही. आणि तू लिहून घेतलंस. आपण दोघी एकाच मातीच्या."

एडिंबरोत डोळ्यांचा फोटो काढला. डोळ्याच्या पडद्यामागे पाणी साठलं होतं. पोटातलं गेलं ते इथे येऊन बसलं, असं नेटाला वाटून गेलं. फोटो डॉक्टरांकडे जाईपर्यंत ती बाकावर बसली. शेजारी एक मुलगी होती, सव्वीस-सत्तावीसची. गालांवर तेच फोड. ती मोबाइल हात लांब करून धरत होती, जवळ आणत होती, पुन्हा लांब करत होती.

"किती दिवस झाले गोळीला?" नेटानं विचारलं.

"सहा आठवडे."

"पूर्ण मात्रा?"

"हो. एखादी सोडली तर बाकी सगळ्यांना झेपते म्हणे. आधीच्या बायकांना काहीच झालं नाही."

"आणि तू कशी आहेस?"

मुलीनं मोबाइल पालथा घातला. "वाईट नाही," ती म्हणाली.

नेटानं मान फिरवली आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. भिंतीवर काहीतरी लिहिलेलं होतं. ते तिला वाचता येत नव्हतं.

डॉ. लमाँट सरळ बोलल्या. पाणी थोडं आहे. पुढचं नेटाच्या सांगण्यावर ठरेल. अंधुक दिसतं पण कामात अडथळा नाही, तर तो सौम्य त्रास. गोळी आहे तशी चालू ठेवून नजर ठेवायची. कामात अडथळा येत असेल, तर त्रास वरच्या पायरीचा; गोळी तीन आठवडे बंद. डोळा निवळला तर कमी मात्रेनं पुन्हा सुरू. बहुतेकींचा निवळतो.

"आणि नाही निवळला तर?"

"तर तुम्ही चाचणीतून बाहेर. मी आणखी काहीतरी शोधीन. पण सापडेलच असं वचन देत नाही."

त्या पुढच्या रुग्णाकडे गेल्या. खोलीत कर्स्टी आणि तिच्यापुढचा फॉर्म राहिला. तीन चौकोन: सौम्य, मध्यम, तीव्र. कर्स्टीनं पेन पहिल्या चौकोनाशी नेलं आणि वर न बघता विचारलं, "अधूनमधून अंधुक दिसतं, एवढंच ना? कामावर तर जाताच आहात तुम्ही."

"जाते."

"मग अडथळा नाही असं म्हणता येईल."

"परवा माझा तागा परत आला."

"एखादा तागा, नेटा." आता तिनं वर पाहिलं. डोळे लाल झाले होते. "रोझचा फॉर्म मीच भरला होता. मला नाही पुन्हा तसं करायचं. तुम्ही फक्त अडथळा नाही म्हणा. पुढचं मी बघते."

"पोरी, बाहेर बाकावर बसलीय ती कोण?"

"दुसऱ्या रुग्णाबद्दल मला बोलता येत नाही."

"मी बोलते. तिला मोबाइल वाचता येत नाही. तुला सांगितलं तिनं?"

कर्स्टीची नजर दाराकडे गेली.

"नाही सांगितलं. तिला कुणीतरी सांगितलंय की आधीच्या बायकांना काही झालं नाही. ती आधीची बाई मी. माझ्या 'वाईट नाही'च्या मापानं तुम्ही तिची मात्रा ठरवलीत."

"हे एवढं सगळं या फॉर्ममध्ये मावत नाही हो. इथे फक्त चौकोन आहेत."

"रोझ खरं बोलली म्हणून गेली असं मी इतके महिने धरून बसले. ती आजारानं गेली. आम्हा सगळ्यांत अव्वल प्रतीची होती ती एकटीच."

"सौम्यवर खूण केली तर उद्या सकाळी गोळी घेता येईल तुम्हाला," कर्स्टी हळूच म्हणाली. "तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतेय? उद्या सकाळी."

नेटाला कळत होतं. उद्याची सकाळ तिला स्वच्छ दिसत होती, बाकी काही दिसत नसलं तरी: गार पाणी, उपाशी पोट, तळहातावर ती चपटी गोळी. स्कर्टचा पट्टा नेहमीच्या भोकात.

तिनं पर्समधून गोळ्यांची बाटली काढून टेबलावर ठेवली. मग कोटाच्या खिशात हात घातला. कामाचा खडू तिथे नेहमीच असायचा, अंगठ्याएवढा झिजलेला. तिनं फॉर्म स्वतःकडे ओढला, वाकली, नाक कागदाला टेकेल इतकी जवळ गेली, आणि भेगाळलेलं बोट चौकोनाशी धरून 'सौम्य' या शब्दावर फुली मारली. मोठी, जाड, गिरणीत दोषावर मारतात तशी. खडूची पांढरी भुकटी कर्स्टीच्या बाहीवर उडाली.

कर्स्टीनं पेन उचलून दुसऱ्या, 'मध्यम'च्या चौकोनात खूण केली, आणि समोरच्या रिकाम्या ओळीवर 'मार्चपासून' असं लिहू लागली.

नेटानं खडू खिशात टाकला, कोटाची बटणं चाचपून लावली. बाकावरच्या मुलीसमोर ती थांबली, तिच्या हातातला पालथा मोबाइल उताणा केला, तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला उभं केलं आणि कर्स्टीच्या उघड्या दाराकडे तोंड करून दिलं. मग भिंतीच्या कडेला बोटं लावत, ती बाहेर चालती झाली.