भट्टीवरची चिठ्ठी

माझ्या आयुष्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. आमच्या शाळेतल्या प्रयोगशाळेचे मामा. पदाने परिचर, पण परभणीकडच्या आमच्या त्या तालुक्याच्या गावात विज्ञान म्हणजे काय हे आम्हाला आधी त्यांच्याकडून कळलं, पुस्तकातून नंतर. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. डिप्लोमाचा अर्ज मामांनी स्वतः आणून माझ्यासमोर ठेवला होता आणि मी तो भरेपर्यंत समोरून उठले नव्हते.

मामांकडे दोन कपाटं होती आणि दोन्हीच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. परीक्षानळी हवी असली तरी वहीत नाव लिहायचं, काम झालं की परत करून सही करायची. तास संपला की ते म्हणायचे, "मी आता मोजायला लागलो. काही फुटलं असंल तर मोजायच्या आधी सांगा." आधी सांगितलं तर ते काचा गोळा करायला सुपली द्यायचे. त्यांनी मोजून काढलं, तर मात्र महिनाभर कपाटाजवळ उभं राहू देत नसत. नववीत मी एक थर्मामीटर फोडला आणि गप्प बसलो. तो महिना माझ्या अजून लक्षात आहे.

आज मी चाकणच्या एका कारखान्यात आहे. गाड्यांचे शाफ्ट आणि गिअर बनतात. रोज सकाळी आळंदीहून कंपनीच्या बसने जातो. माझं काम मी गावाकडे असं सांगतो: हल्ली यंत्रं एकमेकांशी आणि बाहेरच्या जगाशी तारेने, इंटरनेटने जोडलेली असतात, त्या वाटेने परका कोणी आत येऊन यंत्राला हात लावणार नाही, हे मी बघतो. हे काम मला चांगलं येतं, हे मी संकोच न करता लिहितो. आमच्या शेडमधलं कोणतं यंत्र कशाला जोडलेलं आहे, हे मी झोपेतही सांगू शकतो. तरीही मी ती चूक केली.

गोष्ट खंडेनवमीची. त्या दिवशी आमच्याकडे यंत्रं थांबतात. फरशी धुतात, प्रत्येक मशीनला हळदकुंकू लागतं, झेंडूचा हार चढतो. गिअर तापवून कडक करणारी मोठी भट्टी म्हणजे आमच्या शेडची मानकरी. नारळ तिच्यापुढे फुटतो. त्या भट्टीच्या पॅनेलवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. भट्टी बनवणाऱ्या कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर दूर बसून, इंटरनेटवरून ती तपासायचा. त्यासाठीचा नंबर आणि पासवर्ड त्या चिठ्ठीवर होते. खाली मार्करने ऑपरेटरचा पासवर्ड, तिन्ही शिफ्टना एकच. अशा चिठ्ठ्या काढा म्हणून मीच शेडभर कागद लावले होते. फक्त हीच राहू दिली होती, कारण तो सर्व्हिसवाला म्हणाला, "राव, ऐनवेळी सापडत नाही, असू द्या."

पूजा झाल्यावर मी भट्टीचा फोटो काढला आणि आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. मामा त्या ग्रुपवर आहेत. त्यांना दिसावं, एवढाच हेतू. शंभरेक जणांनी हात जोडले. मामांनी एवढंच लिहिलं, "छान. ती चिठ्ठी कसली चिकटवलीय?"

मी उत्तर दिलं, "काही नाही मामा, मशीनचा नंबर."

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी सकाळच्या शिफ्टला भट्टीचं तापमान कोणीतरी चाळीस अंशांनी उतरवलं. त्या खेपेचे सगळे गिअर मऊ निघाले. ते गाड्यांत जाण्याआधी तपासणीत सापडले, हे आमचं नशीब. पॅनेलवर नोंद होती की बदल ऑपरेटरच्या पासवर्डने झाला. त्या वेळी भट्टीवर होते निघोज्याचे एक काका, कंपनी सुरू झाली तेव्हापासूनचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले.

"पासवर्ड टाकल्याशिवाय आकडा हलत नाही," सुपरवायझर म्हणाला. "आणि भट्टीवर तुम्ही होता."

"आवो, मी चहाला गेलो व्हतो. अन् त्यो पासवर्ड माझा एकट्याचा हाय व्हय? साऱ्या शेडला ठाव हाय!"

"मग कोणी केलं, नाव सांगा."

"ज्याला करताना पाह्यलंच न्हाई, त्याचं नाव कुठून आणू?"

काकांना घरी बसवलं. चौकशी होईल, बोलावू तेव्हा या. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर ते आपला डबा न उघडताच गेटबाहेर पडले.

मला चैन पडेना. मी नेटवर्कच्या नोंदी काढल्या. काका चहाला होते त्याच वेळी कोणीतरी बाहेरून, सर्व्हिसच्या वाटेने भट्टीत शिरलं होतं. सर्व्हिसवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मी दसऱ्यापासून सुट्टीवर आहे, भाऊ." मग हा पासवर्ड बाहेर गेला कसा? मी भट्टीसमोर जाऊन उभा राहिलो. हार सुकून लोंबत होता आणि त्याच्या खाली ती चिठ्ठी. मी फोन काढून माझा फोटो मोठा करून पाहिला. दोन्ही पासवर्ड अक्षर न् अक्षर वाचता येत होते. फोटो ग्रुपवरून आणखी कुठे कुठे गेला, आत शिरलं कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

माझं कायम होण्याचं पत्र त्याच महिन्यात यायचं होतं. नुसतं 'बाहेरून कोणी शिरलं' एवढं सांगितलं असतं तरी काका सुटले असते, आणि माझ्या फोटोपर्यंत कोणी पोचलं नसतं. पण मोजणी अजून व्हायची होती. मी प्लांटच्या मोठ्या साहेबांकडे गेलो, नोंदी ठेवल्या आणि शेजारी माझा फोन ठेवला.

"सर, हा फोटो मी टाकला."

त्यांनी फोटो मोठा करून चिठ्ठी वाचली. "तुम्ही बोलला नसता तर मला कळलं असतं?"

"नाही, सर."

"आधी त्या काकांना फोन लावा, उद्या या म्हणावं. तुमचं नंतर बघू."

मला मेमो मिळाला आणि कायम होणं सहा महिने लांबलं. त्याच सहा महिन्यांत मी शेडचं काम पुरं केलं. आता प्रत्येक ऑपरेटरचा पासवर्ड वेगळा आहे. भट्टीची बाहेरची वाट एरवी बंद असते. सर्व्हिसवाल्याने आधी फोन करायचा, वहीत त्याचं नाव चढतं, मग आमचा माणूस किल्लीने ती वाट उघडतो आणि काम झालं की बंद करून सही करतो.

काका परत आले त्या दिवशी मी माफी मागितली. ते म्हणाले, "फोटू काढायचाच व्हता तर माझा काढायचा, साहेब. भट्टीचं काय लगीन ठरवायचं व्हतं?" अजूनही मी जवळ गेलो की पॅनेलवर तळहात आडवा धरतात. "तोंड तिकडं करा, पासवर्ड टाकायचाय!"

शेडचं काम पुरं झालं, त्या रविवारी मी मामांना पत्र लिहिलं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावंसं वाटलं नाही.

"मामा, नमस्कार.

खंडेनवमीला तुम्ही विचारलं होतं, चिठ्ठी कसली. मी खोटं उत्तर दिलं. त्या चिठ्ठीवर भट्टीची किल्ली लिहिलेली होती, आणि ती मी सगळ्यांना दाखवली. त्यामुळे एका भल्या माणसाला चार दिवस घरी बसावं लागलं. ते आता कामावर आहेत. साहेबांना मी मोजायच्या आधी सांगितलं. तुम्हाला सांगायला मात्र उशीर झाला.

इथल्या एवढ्या मोठ्या कारखान्यात मी जे करतो, ते तुमच्या दोन कपाटांवर शिकलोय. वहीसुद्धा तशीच आखली आहे: नेणाऱ्याचं नाव, वेळ, परत केल्याची सही.

चिठ्ठी मी स्वतः खरवडून काढली. तुम्ही केव्हाही मोजायला या. सगळं जागेवर आहे."