कापलेल्या तोंडाचा सिगार
या दसऱ्याला लेकीच्या नवऱ्याने आपट्याची पानं हातात ठेवली आणि मला माझे सासरे आठवले. पोलादपूरच्या वर डोंगरात त्यांचं घर, आणि आपट्याच्याच सुकल्या पानांच्या विड्या ते स्वतः वळून ओढत. तेव्हा मी मुंबईत एका बड्या हॉटेलात वेटर होतो. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा ऐटीत एक परदेशी सिगार पुढे केला, म्हणालो, “मुद्दाम विकत आणला तुमच्यासाठी.” त्यांनी तो कानाशी धरून दाबला, हुंगला, दोन्ही टोकं उन्हाकडे करून बघितली, मग माझ्याकडे बघितलं. चुलीतला निखारा आणून पेटवला. ओसरीवरच्या पेंढ्याच्या वासात जड, गुळमट धूर मिसळला. ते धूर तोंडात घोळवत राहिले आणि मी परीक्षेला बसल्यासारखा ताठ. अर्धा संपल्यावर म्हणाले, “पयला गोड लागतो, मंग काजूच्या टरफलागत झोंबतो. तंबाखू खरी हाय, जावयबापू. गोष्ट तेवढी खरी नाय. वळणारा तोंड बंद करून देतो, वढणारा कापतो. याचं आधीच कापलंय कुणी?” एका गिऱ्हाइकाने कापून टेबलावर विसरलेला सिगार मी खिशात घातला होता. ते कुणाला बोलले नाहीत, पण पुढे मी महाडहून पेढे नेले तरी आधी डब्याची चिकटपट्टी बघायचे. परवा पानांबरोबर जावयाने मला घड्याळही दिलं. छान आहे म्हणायच्या आधी मी पट्ट्याची भोकं बघितली, एखादं वापरून सैल झालंय का.