अब्बा कुठे आहेत ते दाखवा

अब्बांच्या पासपोर्टची मुदत संपत आली होती. तो तिकडे आखातातच नवा करून मिळणार होता, पण त्यासाठी जन्माचा ताजा दाखला लागत होता. घरातला जुना, हाताने लिहिलेला दाखला घड्यांवर फाटला होता. पासपोर्ट झाला नाही तर कामाचा परवाना नाही, आणि परवाना नाही तर अब्बांना नोकरी सोडून घरी यावं लागणार. अम्मीने फाइल माझ्या हातात दिली. "तू शिकलेली आहेस, तूच जा."

शिकलेली म्हणजे इंग्रजी शाळेत शिकलेली. खिडकीपुढे त्याचा काही उपयोग होत नाही. रांगेत उभी राहून मी मनात वाक्यं जुळवत असते आणि नंबर आला की त्यातलं अर्धंच तोंडातून बाहेर पडतं.

पनवेलमधल्या त्या कचेरीत जन्माच्या दाखल्यांच्या खिडकीमागे एक मॅडम बसायच्या. पहिल्या खेपेला त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "अर्जदार स्वतः पाहिजे."

"ते इथे नसतात. गल्फला असतात."

"मग येऊ देत."

पुढच्या खेपेला मी अब्बांचं अधिकारपत्र घेऊन गेले. त्यावर वकिलातीचा शिक्का होता. साहेबांना विचारावं लागेल, असं मॅडम म्हणाल्या, आणि साहेब रजेवर होते. त्यानंतर गेले तेव्हा त्यांनी ते पत्र उलटसुलट करून पाहिलं.

"हे त्यांनीच दिलंय कशावरून? लोक घरात बसतात आणि आम्हाला सांगतात परदेशात आहेत." त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली आणि डबा काढला. जेवणाची सुट्टी झाली होती.

मी बाजूला होणार, तेवढ्यात मागचे काका बोलले. ते उरणकडच्या एका गावातले होते. आपली शेती विमानतळात कशी गेली, हे त्यांनी सकाळपासून रांगेत सगळ्यांना सांगून झालं होतं.

"पोरी, जागा सोडू नको. सोडलीस का परत मागनं सुरू." मग ते खिडकीशी वाकले. "ओ मॅडम, हिच्या बापाला फोन लावून बघा ना. आता फोनात तोंड दिसतं."

मॅडम वैतागल्या. "लाव. व्हिडिओ लाव."

ड्यूटीवर असताना अब्बांना फोन करायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. संध्याकाळी खोलीवर आल्यावर तेच फोन करतात. तेव्हा त्यांच्या मागे दुमजली पलंग आणि वाळत घातलेले टॉवेल दिसतात. त्या दुपारी फोन लागला तेव्हा त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं.

"काय झालं, बेटा? अम्मी बरी आहे ना?"

"सगळं ठीक आहे, अब्बा. मी दाखल्याच्या कचेरीत आहे." मी फोन खिडकीत धरला.

"कुठे आहात तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

"कामावर, मॅडम. जेवणाची सुट्टी चाललीय."

"मागे तर काहीच नाही. नुसतं पांढरं. कुठे आहात ते दाखवा."

ते पांढरं म्हणजे आकाश होतं. अब्बांनी कॅमेरा फिरवला.

अब्बा क्रेन चालवतात हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण क्रेन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे कळंबोलीच्या लोखंड बाजारातली पिवळी हायड्रा यायची. चार चाकांवर डुलत चाललेली, ट्रकमधून सळ्या उतरवणारी. अब्बा तशाच एखाद्या गाडीत बसत असतील, असं मी धरून चालले होते. त्यांनीही कधी वेगळं सांगितलं नव्हतं.

फोनमध्ये एक काचेची खोली दिसली, आमच्या न्हाणीघरापेक्षाही लहान. सीटशेजारी जेवणाचा डबा उघडा होता. समोर क्रेनचा लांबच लांब हात आकाशात गेला होता आणि त्याच्या टोकापलीकडे समुद्र होता. मग अब्बांनी फोन खाली वळवला. पायाखालीही काच होती. काचेवर त्यांचे बूट, काचेखाली हवा, आणि खूप खाली, धुळीत, मुंग्यांसारखी माणसं.

माझे पाय कचेरीच्या फरशीवर होते, तरी मी खिडकीची कड घट्ट धरली.

मॅडमचा घास हातातच राहिला. मागच्या टेबलावरचे दोघं उठून आले. काका माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. "आयला. माझ्या शेतावरनं इमान उडतं, पण मी अजून बसलो नाय. आन् हा रोजच वर."

"खाली उतरता कसे?" मॅडमनी हळू आवाजात विचारलं.

"शिडीनं. सकाळी चढायचं, संध्याकाळी सुट्टी झाली की उतरायचं."

"भीती नाही वाटत?"

अब्बा हसले. "इथं नाही वाटत, मॅडम. तुमच्या खिडकीपुढं वाटते. म्हणून तर पोरीला पाठवलं."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. मग त्यांनी फाइल परत ओढून घेतली, अधिकारपत्रावर काहीतरी खरडलं आणि म्हणाल्या, "उद्या ये. साहेबांची सही राहिलीय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाखला खिडकीतून बाहेर सरकवला, नेहमीसारखा, मान वर न करता. "नीट तपासून घे. नंतर तक्रार चालणार नाही." मी तपासला. निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, "आज चढलेत का वर?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या माणसाचा कागद घेतला.

बाहेर येऊन मी दाखल्याचा फोटो काढला. तो पाठवायच्या आधी बोट थोडा वेळ तसंच थांबलं. या कागदाच्या जोरावर अब्बा अजून काही वर्षं रोज वर चढणार होते. मी फोटो पाठवला.

रस्त्यापलीकडे एका टॉवरचं बांधकाम चालू होतं. त्यावरची क्रेन किती महिन्यांपासून तिथे होती कोण जाणे, मी आजवर मान वर करून पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. हात सावकाश फिरत होता. वरच्या काचेच्या खोलीवर ऊन चमकत होतं, आतला माणूस काही दिसत नव्हता.

"ताई, बसताय का?" रिक्षावाल्याने दुसऱ्यांदा विचारलं.

"थांबा जरा," मी म्हणाले, आणि तो हात थांबेपर्यंत तिथेच उभी राहिले.