तिघींच्या फोटोतली चौथी

फोटोच्या वर्गात सरांचा नियम सरळ होता. सलग तीन आठवडे फोटो बाद झाला की नाव कमी. दर शनिवारी ते फळ्यावर एक शब्द लिहायचे आणि पुढच्या शनिवारी आपण त्यावरचा एक फोटो आणायचा. माझे दोन झाले होते बाद. ‘पाणी’ला मी कळंब्याचा तलाव काढला, तर म्हणाले, “कॅलेंडर झालं हे.” ‘ओझं’ला गुळाच्या अड्ड्यावरचा हमाल काढला, तर म्हणाले, “हा तर सगळ्यांनीच आणलाय.” आणि त्या शनिवारी फळ्यावर शब्द आला, ‘तीन’.

सत्तरच्या दशकातलं कोल्हापूर. वर्गात आम्ही दोघीच मुली. नाव कमी झालं असतं तर घरी ‘बघ, सांगत होतो की नाही’ हे ऐकायची तयारी ठेवावी लागली असती. पण खरं सांगते, भीती त्याची नव्हती. मला फोटोच काढायचे होते आणि शिकवणारं दुसरं कुणी माहीत नव्हतं.

निम्मा वर्ग तिकटीवर जाऊन उभा राहिला. तीन वाटा, झाला फोटो. उरलेले तालमीत, तीन पैलवान मांडायला. मी म्हटलं, आपण गावच सोडायचं. मावशी चंदगडला दिलेली, काका तिथं शाळेत मास्तर. मामाचा डबा कॅमेरा आणि एक रोल घेऊन मी सकाळच्या एसटीत बसले.

आता रस्ता गुळगुळीत आहे, गाडी काढली की दुपारच्या आत पोचाल. तेव्हा कागल, निपाणी, गडहिंग्लज करत हाडं खिळखिळी व्हायची. गडहिंग्लजच्या स्टँडवर गाडी बराच वेळ थांबायची. तिथली गरम भजी आणि चहा चुकवू नका, मी कधी चुकवला नाही. पुढं नेसरी सोडली की झाडी दाट होते, हवा बदलते आणि उन्हाळ्यातही खिडकीतून गारवा येतो. जायचंच तर एप्रिलात जा. पावसात चंदगड म्हणजे नुसतं पाणी. एप्रिलात काजूची बोंडं लाल-पिवळी लगडलेली असतात आणि ओल्या काजूची उसळ मिळते. मावशीनं पहिल्याच जेवणाला ती नाचणीच्या भाकरीबरोबर वाढली. इतकी जेवले की सरांचा फळाच विसरले. आणखी एक, पांढरे कपडे नेऊ नका. बोंडाचा डाग मरेपर्यंत जात नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीच्या घरामागच्या काजूच्या बागेत तीन जावा बोंडं वेचताना दिसल्या. थोरली आक्काताई, मधली शेवंता, धाकटी पारू. बोंड उचलायचं, पिरगळून बी तोडायची, बी टोपलीत, बोंड ढिगावर. तिघींचे हात एका तालात. मी मनात म्हटलं, सर, घ्या तुमचा ‘तीन’.

“आक्का, तिघींचा एक फोटो काढू?”

आक्काताईनं बी टोपलीत टाकली. “तिघींचा फोटू काढत न्हाईत बाई. मधली मरती.”

“असं काही नसतं हो.”

“तुला नसंल. मग मधी कोन हुबी ऱ्हानार?”

कुणीच तयार होईना. शेवंता तर भडकलीच. “घरात मी मधली, आनि फोटूतबी मीच मधली व्हय? जावा तिकडं.”

पारूनं शेळी ओढून आणली, चौथी म्हणून. आक्काताई म्हणाली जनावर मोजत नाहीत. सासूला बोलवू का, असं पारूनं विचारलं, तर मीच नको म्हटलं. चौथं माणूस आलं की माझा विषय गेला. ऊन उतरत चाललेलं, सकाळी परतीची एसटी. मी टेकलेच हात.

डबा कॅमेऱ्याचा कायदा असा की ऊन पाठीशी घ्यायचं. संध्याकाळी त्यात घोळ होतो, आपलीच सावली समोर लांब पडते. सावली आली की फोटो बाद, हे सरांनी पहिल्याच दिवशी घोकून घेतलेलं. म्हणून मी सारखी बाजूला सरकत होते. शेवंता ते बघत होती.

“ही कोन मग?” तिनं माझ्या सावलीकडं बोट दाखवलं. “हिला घे की चौथी.”

आक्काताईनं विचार केला. “चालंल. सावली मानसाचीच हाय. पर कापू नगंस हां. माझ्या लग्नाच्या फोटूत स्टुडिओवाल्यानं माझा बा अर्धा कापलाय.”

“नाही कापणार. अंबाबाईची शपथ.”

शेवंता आपणच मधे जाऊन उभी राहिली आणि मी सरकायची थांबले. सावली थेट शेवंताच्या पायाशी गेली. ती मान खाली घालून सावलीकडं बघून हसली, दोघी जावा तिच्याकडं बघून हसल्या, आणि मी खटका दाबला.

शनिवारी सरांनी फोटो हातात घेतला आणि खाली ठेवेनात. “ही मधली बाई बघितलीस काय बघते? वर्गातला सगळ्यात चांगला फोटो आहे हा.” माझी छाती फुगली. मग त्यांनी टेबलावरची पट्टी आणि पातं माझ्यापुढं सरकवलं. “सावली काप. पास.”

मी सगळं सांगितलं. पोरं हसली. सर हसले नाहीत. “कापल्यानं कुणी मरतं का?”

“नाही सर. मी पण मानत नाही. पण शब्द दिलाय.”

“विषय तीन आहे. कापलं नाहीस तर हा तिसरा बाद.”

“बाद करा सर.”

माझं नाव कमी झालं. बाहेर आले आणि रंकाळ्यापर्यंत रडत गेले, लोक वळून बघत होते तरी. वाईट वाटायचं ते वाटलंच. पण त्या पात्याला हात लावायचं एकदाही मनात आलं नाही. पुढं जन्मभर फोटो काढले, लग्नाचे, बारशाचे, शाळांचे, आणि कुणाला अर्धं कापलं नाही. त्या प्रवासानं एवढं दिलं, मला ते पुष्कळ आहे.

तो फोटो मी आमच्या गल्लीतल्या एसटी कंडक्टरबरोबर चंदगडला धाडला. चार दिवसांनी तो दारात आला, हातात काजूची पिशवी.

“आक्काताईनं दिलीया. आनि चौघीबी खुशाल हाईत म्हनून सांगितलंय.”

मी पिशवी घेतली. म्हटलं, “परत गेलासा की सांगा, चौथीबी खुशाल हाय.”